दोन इंटर्नशिप एकदम आल्या तर कोणती घ्यायची?

माझ्या शेवटच्या वर्षातला डिसेंबर. ओरल्स संपायला दोन दिवस होते आणि मेलमध्ये दोन ऑफर लेटरं येऊन पडली होती. एक हिंजवडी फेज ३ मधल्या भल्यामोठ्या कंपनीची, सहा महिने, महिना २५,००० रुपये. दुसरी कोथरूडमधल्या अकरा माणसांच्या स्टार्टअपची, तीही सहा महिने, महिना १५,०००. दोन्हीकडे जानेवारीत जॉइन व्हायचं. मोठ्या कंपनीच्या एचआरने लिहिलं होतं, "शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा." तो बुधवार होता.

हॉस्टेलवर विचारलं तर सगळ्यांचं एकच मत: मोठं नाव आहे, डोळे झाकून घे. रात्री कराडला फोन केला. बाबांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. स्टायपेंड, ब्रँड, टेक्नॉलॉजी सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण तू काम करणार कुणाच्या हाताखाली?"

मला सांगता येईना. दोन्हीपैकी एकाही ठिकाणचं.

त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत मी जे धडपडत शोधलं ते इथे क्रमाने लिहितेय. अनुभव पुण्यातल्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचा आहे, पण ऑफर नागपूरची असो नाहीतर बंगळुरूची, पायऱ्या साधारण याच.

१. दोन्ही ऑफर खऱ्या आहेत ना?

यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका, पण वगळूही नका. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे की जीमेलवरून, ते बघा. कंपनीच्या लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापलेला असायला हवा, २१ अक्षर-अंकांचा. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तो टाकला की कंपनी कधी नोंदवली, पत्ता काय, चालू आहे की बंद, हे समजतं. भागीदारीतली फर्म असेल तर तिथे ती सापडणार नाही. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, पण मग जीएसटी क्रमांक मागा.

आणि पैसे. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, सर्टिफिकेटची फी, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने "रिफंडेबल" म्हणून साडेतीन हजार भरले आणि दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद. असं झालंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

२. कॉलेज काय मान्य करतं ते आधी विचारा

माझी पहिली चूक इथे झाली. मी दोन्ही ऑफरची तुलना करत बसले आणि टीपीओ (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) सरांकडे गेलेच नाही. गेले तेव्हा कळलं की शेवटच्या सेमिस्टरला बाहेर जायचं तर आधी एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, मग टीपीओंची, मग एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, आणि एचओडी मॅडम शनिवारपासून रजेवर.

विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, कारण टीपीओच्या केबिनबाहेर नेहमीच रांग असते:

- ही इंटर्नशिप बी.ई. प्रोजेक्ट म्हणून धरणार का, की प्रोजेक्ट वेगळा करावा लागेल?
- कमीत कमी किती आठवडे लागतात? कंपनीचं पत्र कोणत्या नमुन्यात हवं?
- कंपनीतल्या गाईडची सही किती वेळा लागते?
- ७५ टक्के हजेरीचं काय? परीक्षेला आणि ओरलला यायचं तर किती दिवस सुट्टी लागेल?
- कॅम्पसमधून आलेली इंटर्नशिप घेतली तर पुढच्या ड्राइव्हला (कॅम्पस भरतीला) बसता येईल का?

शेवटचा प्रश्न अनेक जण विसरतात. कित्येक कॉलेजांत कॅम्पसची ऑफर स्वीकारली की नाव यादीतून काढतात, मग कायमच्या नोकरीची हमी असो वा नसो. माझी हिंजवडीची ऑफर कॅम्पसमधून आलेली होती आणि कोथरूडची मी स्वतः मिळवलेली. म्हणजे पहिली घेतली तर फेब्रुवारीत येणाऱ्या कंपन्यांना मला मुकावं लागणार होतं. हे ऑफर लेटरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आणखी एक अडचण लागते, ती थेट एप्रिलमध्ये. कंपनी गोपनीयतेच्या करारावर सही घेते, त्यामुळे रिपोर्टमध्ये कोड सोडाच, साधा स्क्रीनशॉटही टाकता येत नाही. इकडे एक्स्टर्नलला (बाहेरून आलेल्या परीक्षकाला) ब्लॉक डायग्राम, टेस्ट केसेस आणि कोडचे तुकडे हवे असतात. "कॉलेजच्या रिपोर्टसाठी काय दाखवता येईल?" हा प्रश्न कंपनीला जॉइन होण्याआधीच मेलवर विचारून ठेवा.

३. मुदत वाढवून मागा

"पाचपर्यंत कळवा" हे वाचून माझे हातपाय गार पडले होते. नंतर कळलं की ती तारीख बहुतेकदा एचआरच्या एक्सेल शीटमधली असते. मी चार ओळींचा मेल टाकला: ऑफरबद्दल आभारी आहे, जॉइन व्हायची इच्छा आहे, कॉलेजची एनओसी प्रक्रिया सुरू आहे, मंगळवारपर्यंत निश्चित कळवते, चालेल का? दोन तासांत उत्तर आलं: चालेल.

कारण खरं द्या. "आजी आजारी आहे" वगैरे नको. दुसरी ऑफर आहे हे सांगायला हरकत नाही, पण तिचा आकडा सांगून घासाघीस करायला जाऊ नका. मोठ्या कंपनीत इंटर्नचा स्टायपेंड सगळ्यांना सारखाच असतो. छोट्या ठिकाणी दोन-तीन हजार वाढतीलही, पण त्यापेक्षा मागण्यासारख्या इतर गोष्टी असतात. त्या पुढे येतील.

४. कुणाच्या हाताखाली?

बाबांच्या गॅरेजमध्ये नवीन पोरगं आलं की पहिला महिना ते चेन धुतं आणि चहा आणतं. पुढचं सगळं मिस्त्रीवर. एक मिस्त्री दुसऱ्या महिन्यात कार्ब्युरेटर उघडून पोरापुढे ठेवतो, "लाव बघू" म्हणतो आणि शेजारी उभा राहतो. दुसऱ्या मिस्त्रीकडे वर्षभर चेनच. गॅरेज तेच, पगार तोच. आमच्या क्षेत्रात हे ओळखणं अवघड जातं, कारण इंटरव्ह्यू घेणारा एक, ऑफर पाठवणारा दुसरा, आणि ज्याच्या शेजारी बसायचं तो माणूस तिसराच.

म्हणून एचआरला लिहा: ज्यांच्यासोबत काम करायचं आहे त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलता येईल का? मला वाटलं होतं उद्धटपणा दिसेल, पण तसं काही झालं नाही. कोथरूडच्या स्टार्टअपमधून त्याच संध्याकाळी बॅकएंड सांभाळणाऱ्या दादाचा फोन आला. हिंजवडीच्या एचआरने कळवलं, "टीम अलोकेशन जॉइनिंगनंतर होईल." हे उत्तरही वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांतला किती काळ नुसता वाट बघण्यात जाऊ शकतो, त्याचा अंदाज त्यातून येतो.

फोनवर मी तीन प्रश्न विचारले.

*मागच्या इंटर्नने केलेलं काम आज कुठे आहे?* हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. "ते तर डेमोसाठी केलं होतं" असं उत्तर आलं तर तुमचंही काम डेमोतच संपणार. दादाने सांगितलं, "बिलाची पीडीएफ बनवणारा भाग तिने लिहिलाय, रोज चालतो. दोनदा पडलाही."

*माझा कोड कोण तपासणार, आणि किती दिवसांत?* "आम्ही सगळे एकमेकांना मदत करतो" हे उत्तर गोड असलं तरी त्यातून काही कळत नाही. माणसाचं नाव आणि साधारण वेळ सांगता आली पाहिजे.

*पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याकडे काय असेल?* ज्याने इंटर्नचा खरंच विचार केलाय त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं, अगदी किरकोळ बग का असेना.

यानंतर जुने इंटर्न शोधा. लिंक्डइनवर कंपनीचं नाव आणि इंटर्न असं शोधलं की नावं मिळतात. त्यातही आपल्या कॉलेजचे असतील तर उत्तम. मी सहा जणांना लिहिलं, तिघांनी उत्तर दिलं. हिंजवडीच्या कंपनीत आदल्या वर्षी गेलेली एक ताई म्हणाली, "पहिले पाच आठवडे मला सिस्टीमचा ॲक्सेसच आला नाही. रोज जायचं, ट्रेनिंगचे व्हिडिओ बघायचे, साडेपाचच्या बसने परत. मग टेस्टिंग दिलं, एक्सेलमध्ये पास-फेल भरायचं. कॅन्टीन मात्र भारी आहे हां!" त्याच कंपनीतला दुसऱ्या टीममधला एक जण मात्र मनापासून खूश होता. त्याला चांगला मेंटर मिळाला आणि तिथेच नोकरीही लागली. एकाच इमारतीतले हे दोन अनुभव. म्हणून एकाशीच बोलून मत बनवू नका.

कोथरूडची मुलगी म्हणाली, "दुसऱ्या आठवड्यात माझा बदल लाइव्ह गेला आणि पेमेंटचं पान पडलं. मी रडायच्या बेतात. रात्री साडेअकराला दादा शेजारी खुर्ची ओढून बसला, लॉग कसे वाचायचे ते दाखवलं, आणि शेवटचं बटण मलाच दाबायला लावलं." रात्री साडेअकरा, हेही मी वहीत लिहिलं. ते कौतुकाचं नाही.

कोणती टेक्नॉलॉजी शिकायला मिळेल यावर आपण फार खल करतो. जावा की पायथन, रिॲक्ट की अँग्युलर. माझ्या मते इंटर्नशिपपुरता तो प्रश्न दुय्यम. गिट वापरून टीममध्ये काम करणं, दुसऱ्याचा कोड वाचणं, आपल्या कोडवरचे शेरे न चिडता ऐकणं, हे कुठल्याही भाषेत शिकता येतं आणि सगळीकडे चालतं. अपवाद एकच: कंपनीने स्वतःच बनवलेलं, बाहेर कुणी वापरत नाही असं एखादं टूल. सहा महिने त्यातच गेले तर पुढच्या इंटरव्ह्यूत बोलायला फार काही उरत नाही.

५. हातात किती उरतात?

मेसच्या पावतीच्या पाठीमागे मी हा हिशोब केला. माझं हॉस्टेल धनकवडीत, वर्षाची फी आधीच भरलेली, परत मिळणार नव्हती. धनकवडी ते हिंजवडी फेज ३ म्हणजे वाकडचा पूल ओलांडून जायचं. बसने एका बाजूला दोन तास धरून चाला. म्हणजे तिकडे पीजी घेणं आलं.

हिंजवडी: २५,००० मधून १० टक्के टीडीएस (कंपनी देतानाच कापते तो कर) गेला, राहिले २२,५००. पीजी जेवणासकट ११,०००. फेज १ ते ३ शेअर रिक्षा आणि शनिवार-रविवारचं येणंजाणं धरून १,५००. उरले १०,०००.

कोथरूड: १५,००० मधून टीडीएस जाऊन १३,५००. मेस ३,२००. बस आणि कधीमधी रिक्षा ९००. उरले ९,४००.

दहा हजारांचा फरक सहाशेवर आला. तुमचं घर वाकडला असेल तर हाच हिशोब उलटा होईल, तेव्हा माझे आकडे उचलू नका, आपले मांडा. पीजीचं डिपॉझिट, लॅपटॉप कंपनी देते की आपलाच आणायचा, स्टायपेंड महिन्याच्या कितव्या तारखेला येतो, हेही विचारा. पहिला स्टायपेंड बऱ्याचदा दुसऱ्या महिन्यात येतो, तोवरचे पैसे घरून लागतात.

टीडीएसबद्दल घाबरू नका. सगळ्याच कंपन्या तो कापत नाहीत. कापला आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल, तर इन्कम टॅक्स रिटर्न भरून तो परत मिळतो. मात्र पॅन द्यायला उशीर केलात तर २० टक्के कापला जातो. आणि कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसते ना, हे जूनमध्ये बघा.

६. ऑफर लेटर शेवटच्या पानापर्यंत वाचा

पहिल्या पानावर अभिनंदन असतं, कामाचं सगळं मागे.

*बाँड.* "बाँड कोर्टात टिकत नाही, कर सही" असं सीनियर सांगतात. इतकं सोपं नाही ते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे, ही अट वैध ठरवली. ती बँकेतली कायम नोकरी होती, इंटर्नशिप नव्हे. शिवाय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. पण आपण कोर्टात जाणार आहोत का, हा साधा प्रश्न स्वतःला विचारा. इंटर्नशिप संपल्यावर कंपनीने नोकरी दिली तर ती घ्यावीच लागेल, नाहीतर पैसे भरा, असं कुठे लिहिलंय का ते शोधा.

*पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरीची ऑफर.* "कामगिरीनुसार पूर्णवेळ नोकरीचा विचार होईल" या वाक्यात कसलंही आश्वासन नाही. मागच्या बॅचमध्ये किती इंटर्न होते आणि किती जणांना घेतलं, हे दोन आकडे विचारा. पगार सांगितला तर त्यातला ठरलेला भाग किती आणि व्हेरिएबल किती, तेही.

*आपण बनवलेलं कुणाचं?* "या काळात तयार केलेलं सर्व काही कंपनीच्या मालकीचं" असं कलम मला दिसलं. माझं एसटीच्या वेळापत्रकाचं एक छोटं ॲप होतं, दुसऱ्या वर्षापासूनचं. ते यात येतं का, असं मेलवर विचारलं. त्यांनी एक ओळ वाढवून दिली: आधीपासूनचं वैयक्तिक काम वगळून. अशी ओळ मिळवणं हजार रुपये वाढवून घेण्यापेक्षा मोलाचं.

*मूळ मार्कशीट.* दाखवायला हरकत नाही, ठेवून घेणार असतील तर नको.

*मुलींसाठी खास.* कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो, आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. म्हणजे अकरा जणांच्या स्टार्टअपलाही. मी विचारलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. समिती नव्हती. मी जॉइन झाल्यावर महिन्याभरात त्यांनी केली. उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय, तेही विचारा. मोठ्या कंपन्यांची कॅबची व्यवस्था याबाबतीत खरंच चांगली असते.

७. ठरवा, आणि दुसरीकडे नीट नाही म्हणा

मोठं नाव उगाच मोठं नसतं. घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल आणि त्या कंपनीत इंटर्नना घेण्याचं प्रमाण चांगलं असेल, तर तिकडे जा. तुमचं कॉलेज फारसं कुणाला माहीत नसेल तर रेझ्युमेवरचं ते नाव दार उघडून देतं, हेही खरं. आणि ज्यांना आपणहून काम मागायला जमत नाही, त्यांना ठरावीक ट्रेनिंग असलेली जागा मानवते.

मी कोथरूड घेतलं. सहाव्या आठवड्यात तो दादा नोकरी सोडून गेला.

म्हणजे ज्याच्यासाठी गेले तोच गेला. पुढचे तीन आठवडे माझा कोड कुणीही न बघता लाइव्ह जात होता आणि मला रात्री झोप लागत नव्हती. शेवटी मी फाउंडरला स्पष्ट सांगितलं की बघणारं कुणी नेमा. मग फ्रंटएंडच्या मुलीने ते काम अंगावर घेतलं, ती माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. जमलं, पण त्या दादाने शिकवलं असतं तेवढं नाही. तेव्हा वरच्या तीन प्रश्नांत हा चौथा घाला, मी विचारायला विसरलेला: "तुम्ही नसाल तेव्हा मी कुणाकडे जायचं?"

नकार कळवताना फोन करायची गरज नाही. तीन ओळींचा मेल पुरे: आभार, दुसरी संधी स्वीकारली आहे, पुढे कधी एकत्र काम करायला आवडेल. कारणमीमांसा नको. ऑफर कॅम्पसची असेल तर टीपीओंना आधी सांगा, मग कंपनीला. उलटं केलंत तर सरांना ते कंपनीकडून कळतं, आणि मग एनओसीचा कागद टेबलावरच पडून राहतो. एकीकडे लेखी होकार देऊन नंतर फिरवणं टाळाच. कॉलेज तुम्हाला पुढच्या ड्राइव्हमधून बाहेर काढू शकतं, आणि ती कंपनी पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनियर्सना बोलावताना कचरते.

८. फाईल तयार ठेवा

- ऑफर लेटर, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह
- कॉलेजची एनओसी आणि बोनाफाईड
- आधार आणि पॅन (पॅन नसेल तर आजच अर्ज करा)
- बँक पासबुकचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, दहावी-बारावीसकट
- चार पासपोर्ट फोटो
- मेलवर मिळालेल्या उत्तरांची पीडीएफ: सुट्ट्या, रिपोर्ट, वैयक्तिक काम, स्टायपेंडची तारीख

शेवटची पीडीएफ स्वतःच्या मेलवर ठेवा, कंपनीच्या नको. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. अनुभवाचं सर्टिफिकेट आणि कॉलेजचा सहीचा फॉर्म तो बंद व्हायच्या आठवडाभर आधीच हातात घ्या. आधार-पॅनच्या प्रत्येक झेरॉक्सवर आडवी रेघ मारून "फक्त इंटर्नशिपसाठी" असं लिहा, खाली सही आणि तारीख. सुरुवातीला दोन-तीन झेरॉक्स खराब होतात, म्हणून जास्तीच्या काढून ठेवा.